वडिलांची २०७ की शोरूममधली नवी पिकअप?

पत्र जुन्नर तालुक्यातून आलंय. लांबलचक होतं, मुद्द्याचं तेवढं ठेवतो.

"काका, आमचं गाव ओतूरजवळ. साडेचार एकर टोमॅटो, बाकी कांदा. वडिलांची २००९ ची टाटा २०७ डीआय आहे. दोन महिन्यांपासून ऑइल खाते आणि सकाळी चालू केली की निळा धूर मारते. मेस्त्री म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. वडील म्हणतात, खोलू, बांधू, अजून दहा वर्षं पळेल, आताच्या इंजिनांत ते लोखंडच राहिलं नाही. मला मात्र नवीनच घ्यायचीय. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इंट्रा व्ही ५०, बडा दोस्त आणि इसुझू डी-मॅक्स अशा पाच गाड्या डोक्यात घोळतायत. हंगामात आठवड्यातून तीनदा रात्रीची वाशी, माळशेजमार्गे. एरवी शेतातून गावात, गावातून आळेफाटा नाहीतर नारायणगाव. घाटात दम टिकला पाहिजे आणि दहा वर्षं इंजिन उघडायला लागू नये. अमेरिकेतला मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर हसतो. म्हणतो, ऐंशी एचपीच्या गाडीला पिकअप म्हणू नका, इकडं कमिन्सवाल्या गाड्या दहा लाख किलोमीटर जातात. खरं सांगा, सगळ्यात टिकाऊ इंजिन कुठलं? तुमचा पुतण्याच समजा."

पुतण्या म्हणवून घेतलंस, म्हणजे आता अरे-तुरे करायला मी मोकळा.

सुरुवात तुझ्या घाटापासून करतो, कारण पत्रात तीनदा 'घाटात दम' आलाय. अरे, ओतूरहून वाशीला जाताना माळशेज तू चढत नाहीस, उतरतोस! भरलेली गाडी खाली जाते आणि मोकळे क्रेट घेऊन तू वर येतोस. रिकामी गाडी माळशेज चढवायला यातलं कुठलंही इंजिन पुरून उरेल. तुझा खरा प्रश्न उतरताना आहे. जुलैची रात्र, बोगद्याच्या आसपास धुकं, रस्ता ओला आणि मागं दीड-पावणेदोन टन टोमॅटो ढकलतोय. तिथं इंजिन गाडी किती ओढतं याला महत्त्व नाही. ते गाडी किती धरून ठेवतं, हे बघायचं.

आणि डिझेल इंजिन गाडी धरण्यात मुळात थोडं कमीच पडतं. पेट्रोलला हवा अडवणारी झडप असते, त्यामुळे पाय काढला की इंजिन आतून ओढ खातं. डिझेलला तशी अडवणूक जवळजवळ नाहीच. मग जी काही धर मिळते ती इंजिनाच्या आकारातून आणि तू घातलेल्या गिअरमधून. सारख्या आरपीएमला दीड लिटरचं इंजिन अडीच लिटरइतकी गाडी धरत नाही. मग ब्रेकवर पाय जास्त वेळ राहतो, ड्रम तापतात, लायनरचा वास येतो, आणि खाली टोकावड्याला पोचेपर्यंत पेडल मऊ झालेलं असतं.

याच जागी एक जुनी खोड मोडायला सांगतो. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडणारे ड्रायव्हर अजून आहेत. आताच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून जोरदार दाबानं डिझेल देणाऱ्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की डिझेल फवारणारे इंजेक्टर बंद होतात, डिझेल जाणं थांबतं आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की आयडलिंग टिकवायला इंजिन परत डिझेल प्यायला लागतं. म्हणजे वाचत काही नाही आणि ब्रेकवर सगळा भार येतो. चावी बंद करून उतरणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. ब्रेकचा बूस्टर जातो, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं.

आता इंजिनांकडं वळू.

बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसीचं. हा आकडा बघून मला नेहमी गंमत वाटते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८८.९ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १०१.६. असले विचित्र आकडे कोण काढतं? इंचात मोजून बघ: साडेतीन आणि चार. हे माप आलं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या घराण्यातून. १९६३ मध्ये महिंद्रानं त्यांच्याबरोबर भागीदारीत ट्रॅक्टर कारखाना काढला आणि बी-२७५ आला, त्याच वंशावळीतलं. मधल्या काळात डायरेक्ट इंजेक्शन आलं, हवा दाबून भरणारा टर्बो आला, कॉमन रेल आली, हेड बदललं, पण बोअर-स्ट्रोक तेच राहिलं. ट्रॅक्टरचं रक्त असल्यानं हे इंजिन घाईत नसतं. लांब स्ट्रोक, हळू फिरायचं आणि खालूनच ओढायचं. आताच्या बोलेरो मॅक्समध्ये मॉडेलप्रमाणे २०० ते २२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, आणि सत्तर ते ऐंशी एचपी मिळते. हायवेवर ऐंशीच्या पुढं नेलीस की ते कुरकुरतं, आणि कुरकुरणारच.

योद्ध्याला आता २१७९ सीसीचं व्हेरिकोर नावाचं इंजिन, शंभर एचपी, २५० न्यूटन-मीटर. त्यातही महत्त्वाचं म्हणजे हा टॉर्क हजार आरपीएमपासून अडीच हजारापर्यंत सपाट मिळतो. ओल्या शेतातून भरलेली गाडी बाहेर काढताना, क्लच सोडतानाच्या त्या दोन सेकंदांत, हा हजाराचा आकडा कामाला येतो. कागदावर तुझ्या यादीतलं सगळ्यात जोरदार इंजिन हेच.

एचपीच्या मागं धावणाऱ्यांना मी एक हिशेब करायला लावतो. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७१२१, म्हणजे त्या क्षणाची एचपी. दीड हजार आरपीएमला २०० न्यूटन-मीटर म्हणजे ४२ एचपी. २५० म्हणजे जवळजवळ ५३. जाहिरातीत छापलेली ऐंशी किंवा शंभर एचपी तीन ते चार हजार आरपीएमच्या दरम्यान मिळते, आणि भरलेल्या गाडीत तू तिथं किती वेळ असतोस? तुझी गाडी दिवसभर दीड ते अडीच हजारातच जगणार.

डी-मॅक्सचं साधं मॉडेल २४९९ सीसीचं, ७८ एचपी, १७६ न्यूटन-मीटर. हे इसुझूचं ४जेए१, जगभर वर्षानुवर्षं राबलेलं, आणि इंजिन म्हणून मला मनापासून आवडतं. आवाज ऐकूनच कळतं की याला कुणी ताणलेलं नाही. एवढ्या सीसीतून एवढीच ताकद काढली की धातूला दम राहतो. पण त्याचा इंजेक्टर शुक्रवारी रात्री गेला तर शनिवारी तो कुठं मिळणार, हे तुझ्या भागात आधी विचारून ये. आळेफाट्याला त्या इंजिनाला हात घालणारा मेस्त्री सापडला तर मला कळव, मलाही आनंद होईल.

इंट्रा व्ही ५० चं इंजिन १४९६ सीसी, ८० एचपी, २२० न्यूटन-मीटर. बडा दोस्तचं १४७८ सीसी, तीनच सिलिंडर, ८० एचपी, १९० न्यूटन-मीटर. दोन्ही चांगली, हलकी आणि मायलेजला बरी. शहरात वाटप करणाऱ्याला मी डोळे मिटून यातलंच एखादं सांगेन. पण व्ही ५० बोलेरोच्या वरच्या मॉडेलइतकाच टॉर्क एक लिटर कमी आकारातून काढते. म्हणजे तोच भार कमी धातूवर, टर्बोच्या जास्त दाबावर. रोज भरून, रोज घाट, आणि तुमच्या भागातल्या सवयीप्रमाणे वर वीस क्रेट जास्तीचे, अशा कामाला ते इंजिन कायम आपल्या मर्यादेच्या काठावर राहील.

क्रेटचा विषय निघालाच आहे. क्रेटमागं माल वीस किलो, क्रेटचं स्वतःचं वजन वेगळं. १.७ टनाच्या गाडीत पंचाहत्तर-सत्याहत्तर क्रेट झाले की कायदेशीर भार संपला. तू पत्रात 'साधारण एकशेवीस' असं अगदी सहज लिहून गेलास! ओव्हरलोडला २०१९ पासून वीस हजार दंड आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला वर दोन हजार, हे तुला माहीत असेलच. मी दंडाचं बोलत नाही, क्लचचं बोलतोय. एकशेवीस क्रेटवर कुठल्याही कंपनीचं इंजिन टिकाऊ नाही. माल जास्तच असेल तर दोन टनांचं मॉडेल घे, पण तिथंही नव्वदच्या आसपास थांब. योद्ध्यात आहे, बोलेरो मॅक्समध्येही आहे.

आता मावसभावाचं. त्याला म्हणावं, तू म्हणतोस ते बरंचसं खरं आहे. १९८९ मध्ये डॉज रॅमला कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन बसलं. ते मुळात शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी केलेलं, पिकअपमध्ये आलं नंतर. त्या पहिल्या वर्षी त्याची ताकद होती १६० एचपी आणि सुमारे ५४० न्यूटन-मीटर. एवढ्या मोठ्या आकारातून एवढीच एचपी, म्हणून ते टिकलं. इंजिनाचंच वजन अर्ध्या टनाच्या घरात, म्हणजे तुझे बावीस-तेवीस भरलेले क्रेट नुसत्या बोनेटखाली.

पण त्याला हेही सांग की त्यांच्या तीन नामांकित डिझेल पिकअपची सोयरीक आपल्याकडं आहे. कमिन्स १९६२ पासून पुण्यात, किर्लोस्करांबरोबर सुरू झालेली. फोर्डची जुनी ७.३ लिटरची पॉवर स्ट्रोक बनवायची नॅव्हिस्टार, म्हणजे नाव बदललेली इंटरनॅशनल हार्वेस्टर, जिच्या ट्रॅक्टरचं रक्त तुझ्या बोलेरोत आहे. आणि जनरल मोटर्सचं २००१ चं ड्युरामॅक्स इंजिन इसुझूच्या भागीदारीत घडलं. म्हणजे तिकडच्या त्या इंजिनांत आणि तुझ्या यादीत दोन आडनावं समान आहेत. पुढच्या कॉलवर हसू दे त्याला.

आता वडिलांचं लोखंड. इथं जरा थांबतो, कारण वडील अर्धे बरोबर आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच तू पत्र लिहिलंयस.

त्यांच्या २०७ डीआयमधलं इंजिन ४९७ घराण्यातलं. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. २९५६ सीसी. या इंजिनाचं मरण म्हाताऱ्या माणसासारखं असतं, हळूहळू आणि सूचना देत. आधी ऑइल खातं, मग धूर मारतं, मग सकाळी रुसतं, आणि तरीही दोन वर्षं काढतं. नव्या इंजिनाचं लोखंड कमी प्रतीचं नाही. उलट मशिनिंग जास्त अचूक आहे, पिस्टनच्या रिंगा चांगल्या आहेत, ऑइल चांगलं आहे. नीट ठेवलं तर ब्लॉक, क्रँक, पिस्टन जुन्याइतकेच जातील. फरक त्याच्या भोवतालात आहे. इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी ईजीआर झडप, टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर, डीपीएफ ही काजळीची जाळी, पाच-सात सेन्सर, आणि हे सगळं जोडणारी वायरिंग. बंद पडतात ते हे. आणि सूचना न देता. काल रात्री ठीक होती, आज सकाळी लाइट लागली आणि गाडी रेसच घेत नाही.

म्हणून 'सगळ्यात टिकाऊ इंजिन कुठलं' याचं उत्तर मी देत नाही. ब्लॉकच्या टिकाऊपणावर पाचही गाड्या पास आहेत. भोवतालचं सामान कुठल्या गाडीत किती टिकेल, हे कंपनीपेक्षा तुझ्या फेऱ्या ठरवतील.

याचं एक उदाहरण माझ्या हाताखालून गेलंय. एका दूध संकलनवाल्याची पिकअप होती, कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. रोज सकाळी बावीस वाड्या, दर दीड किलोमीटरला थांबा, इंजिन चालू-बंद, चालू-बंद. आठ महिन्यांत तीनदा डीपीएफची लाइट. चौथ्यांदा आली तेव्हा मी डिपस्टिक ओढली. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर बोटभर! मालक खूश, म्हणाला, "बघा, आमची गाडी ऑइल खात नाही, वाढवते." मी बोटावर घेऊन वास घेतला. निम्मं डिझेल. बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ.

झालं होतं असं. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून, धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवून काजळी जाळते. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं चालू गाडी लागते. याची गाडी दर चार मिनिटांनी बंद. जाळणं अर्ध्यात तुटायचं, सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरायचं. पातळ ऑइलवर बेअरिंग किती दिवस तग धरणार? क्रँक काढला तेव्हा बेअरिंगचा तांबूस थर दिसत होता. सव्वा वर्षाची गाडी होती.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम आला आणि जाळीचा हा कारभार सगळ्याच कंपन्यांच्या डिझेल पिकअपला लागला. त्यातून सुटका नाही. आता तुझ्या फेऱ्या बघ. वाशीची रात्रीची फेरी डीपीएफला औषधासारखी. तीन-साडेतीन तास सलग, तापलेला सायलेन्सर, काजळी आपोआप जळून जाते. पण हंगाम संपला की हीच गाडी शेत ते गोठा, गोठा ते खताचं दुकान, दोन-दोन किलोमीटर अशी फिरेल. तिथं ती त्या दूधवाल्याच्या वाटेला जाईल.

आणि वडिलांच्या २०७ ला डीपीएफच नाही. आखूड फेऱ्यांना तिच्यासारखी गाडी आता बाजारात मिळत नाही.

आधी तिचा आजार नीट बघू. तू लिहितोस, सकाळी चालू करताना निळा धूर. मग दिवसभर? ते लिहिलं नाहीस. धूर चालू करताना भसकन येतो आणि चार-पाच मिनिटांत निवळतो, असं असेल तर मला रिंगांपेक्षा व्हॉल्व्हच्या ऑइल सीलचा आणि गाइडचा संशय जास्त येतो. रात्रभर ऑइल झिरपून खाली उतरतं आणि सकाळी जळतं. तेवढ्यासाठी सगळं इंजिन बांधायची गरज नाही, इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवून काम होतं. पण चढावर, भरलेल्या गाडीत, गरम इंजिनावरही निळा धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर.

घरीच एक बघ. इंजिन गरम कर, आयडलवर ठेव आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेव. झाकण जागेवर थोडं थरथरलं तर ठीक. टणाटण उडायला लागलं, आतून धुराचे झोत आले, तर पिस्टनवरचा दाब रिंगांना ओलांडून खाली येतोय. मग मेस्त्री खरा आणि हाफ इंजिन, म्हणजे रिंगा-बेअरिंगचं काम, तरी करावंच लागेल. त्याच वेळी झाकणाची आतली बाजू बघ. दुधाळ, चहाच्या साईसारखं काही दिसलं तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे, हेड गॅस्केट गेलेलं किंवा हेडलाच चीर. तसं असेल तर वडिलांशी वाद घालू नकोस, त्यांना ते झाकण दाखव.

म्हणजे माझं मत असं. हेडचं काम असेल तर करून घ्या आणि २०७ ठेवा, गावातल्या फेऱ्यांसाठी. विकून तशीही फार काही हातात येणार नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीची फिटनेसची फी चांगलीच वाढलीय आणि फिटनेस दरवर्षी लागतं, तेवढा खर्च धरून चाला. पूर्ण इंजिन बांधायची वेळ असेल तर मात्र वडिलांच्या प्रेमापोटी पैसे घालू नका. इंजिन नवं होईल, पण चासी, पाटे, गिअरबॉक्स, वायरिंग त्याच वयाचं राहील.

नवी गाडी वाशीसाठी. यादीतून मी दोनच ठेवतो: बोलेरो आणि योद्धा. परतीच्या फेरीत मोकळे क्रेटच येणार असतील तर बोलेरो मॅक्स घे. खालच्या आरपीएमवर राबायची सवय, घाट उतरताना धरायला अडीच लिटर, आणि तालुक्यात कुठंही सुटे भाग आणि हात घालणारा माणूस. मला या इंजिनाचा थोडा लळा आहे हे मान्य करतो, त्यामुळे माझं म्हणणं दहा टक्के कमी करून घे. पण येताना कल्याण-मुरबाडकडून काही भाडं भरून आणायचा विचार असेल, सिमेंट, पत्रे, काहीही, तर मग भरलेली गाडी माळशेज चढणार. तेव्हा योद्ध्याचे ते जास्तीचे तीस-पन्नास न्यूटन-मीटर रोज कळतील. दुसऱ्या गिअरऐवजी तिसऱ्यात चढली तर इंजिन कमी फिरतं, आणि दहा वर्षांत त्या एका गिअरचा हिशेब मोठा होतो.

घेताना सेल्समनला जाड अक्षरात विचार की या मॉडेलला डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत घालतात ते युरियाचं पाणी, भरावं लागतं का, आणि डीपीएफची लाइट लागली तर गाडी उभी करून जाळी साफ करायची सोय आहे का, की दर वेळी वर्कशॉपला आणावी लागते. ऑइल कुठलं, हेही लिहून घे. डीपीएफवाल्या गाडीला कमी राख होणारं ऑइल लागतं. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. २०७ साठी आणलेला डबा घाईत नव्या गाडीत ओतू नकोस.

घेतल्यावर तीन गोष्टींत कंजूषपणा नको. पहिली, डिझेल. जुना पंप कॅनमधलं, तळाशी गाळ असलेलं डिझेलही पचवायचा. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार-दीड हजार बारवर दाबलेलं असतं. ट्रकच्या टायरमधली हवा सात-आठ बार धर, त्याच्या सव्वाशे ते दोनशेपट. त्या दाबाला पाण्याचा एक थेंब किंवा बारीक कण इंजेक्टरच्या तोंडाला वाळूसारखा घासतो. ट्रॅक्टरसाठी साठवलेलं डिझेल या गाडीत नको, आणि फिल्टरखालचं पाणी काढायचा स्क्रू महिन्यातून एकदा सोडत जा.

दुसरी, हवा. शेतातली धूळ म्हणजे रिंगांना पॉलिश पेपर. एअर फिल्टर काढशील तेव्हा फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात बोट फिरव. बोट स्वच्छ निघालं पाहिजे. मातीची पुसटशी रेघ जरी आली तरी क्लिप सैल आहे किंवा पाइप फाटलाय. तुझ्या वडिलांच्या गाडीतही आज जाऊन बोट घालून बघ. मला वाटतं, ऑइल का खाते याचं अर्धं उत्तर तिथंच मिळेल.

तिसरी, टर्बो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. भरलेली गाडी दामटून आणली, धाब्यावर लावली आणि लगेच चावी फिरवली, तर ऑइल थांबतं, तापलेला दांडा त्याच जागी उरलेलं ऑइल करपवतो. मिनिटभर आयडलवर राहू दे. तोवर दोऱ्या तपास, टायरला लाथ मारून बघ, फोन लाव.

ट्रायलला रिकामी गाडी घेऊ नकोस. रिकाम्या गाडीत पाचही इंजिनं सारखीच वाटतात. शोरूमवाल्याला सांगून निदान चाळीस क्रेट भर, आणि ओतूरवरून माळशेजच्या तोंडापर्यंत जाण्यापेक्षा खाली उतर आणि वर ये. उतरताना तिसऱ्या गिअरवर ब्रेकला पाय न लावता गाडी किती पळते ते बघ. शेजारी वडिलांना बसव. वर आल्यावर बोनेट उघडायला त्यांनाच सांग, आणि ते काय बोलतात ते मला लिहून पाठव. २०७ च्या झाकणाचं काय झालं तेही लिही.